हरण्यासाठी खेळलेले सामने

खेळातील अपप्रवृत्ती म्हटल्या की उत्तेजक द्रव्ये, लाचखोरी किंवा मैदानावरील धसमुसळेपणा यांचाच विचार प्रथम होतो; परंतु २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिला दुहेरी बॅडमिंटनच्या चार जोड्या ज्या कारणासाठी स्पर्धेबाहेर काढल्या गेल्या, त्यात यांपैकी काहीच नव्हते. आपला सामना आपण हरावा, यासाठी या आठ खेळाडूंनी मनापासून प्रयत्न केले होते.

हा विचित्र प्रसंग समजण्यासाठी त्या स्पर्धेची रचना पाहावी लागते. ऑलिंपिकमधील बॅडमिंटन तोपर्यंत बाद पद्धतीने, म्हणजे एक सामना हरला की स्पर्धा संपली अशा रीतीने, खेळले जात असे. लंडनमध्ये प्रथमच गट साखळी आली. सोळा जोड्या चार गटांत विभागल्या गेल्या आणि प्रत्येक गटातील पहिल्या दोन जोड्यांना उपांत्यपूर्व फेरीत प्रवेश मिळणार होता. कोणत्या गटातील पहिल्या जोडीची गाठ कोणत्या गटातील दुसऱ्या जोडीशी पडणार, हे मात्र आधीच ठरलेले होते, आणि गोम नेमकी तेथेच होती. चीनची तियान छिंग आणि झाओ युनलेई ही जोडी डेन्मार्कच्या जोडीकडून हरून आपल्या गटात दुसरी आली, तेव्हा चीनच्याच वांग शियाओली आणि यू यांग यांच्यापुढे असे गणित उभे राहिले की, गटात पहिले यावे तर उपांत्य फेरीत मायदेशाच्या जोडीशीच गाठ पडण्याचा संभव, आणि दुसरे यावे तर ती गाठ थेट अंतिम सामन्यावर जाणार.

३१ जुलैच्या संध्याकाळी वेम्बली अरीनामध्ये वांग आणि यू यांनी दक्षिण कोरियाच्या जोडीविरुद्ध सर्व्हिस जाळ्यात मारण्यास आणि सोपे फटके रेषेबाहेर घालवण्यास सुरुवात केली. कोरियाच्या खेळाडूही तेच करू लागल्या. पहिल्या गेममधील सर्वांत लांब रॅली अवघ्या चार फटक्यांची होती. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, पंचांनी समज दिली आणि अखेर चिनी जोडीने २१–१४, २१–११ अशी आपली हार मिळवली. त्यानंतर कोरियाची दुसरी जोडी आणि इंडोनेशियाची जोडी यांच्यातही तसाच सामना रंगला, कारण त्यातील विजेत्या जोडीला पुढे वांग आणि यू यांनाच तोंड द्यावे लागणार होते. दुसऱ्या दिवशी जागतिक बॅडमिंटन महासंघाने, जिंकण्यासाठी सर्वस्व पणाला न लावणे आणि खेळाला कमीपणा आणणारे वर्तन करणे या दोन कलमांखाली चारही जोड्या अपात्र ठरवल्या.

पुढील सामन्यांसाठी शक्ती राखून ठेवली, या खेळाडूंच्या बचावात काही अंशी तथ्य दिसते. प्राथमिक फेरीत पात्रतेपुरते धावून वेग कमी करणाऱ्या धावपटूला कोणी दोष देत नाही. मात्र त्या धावपटूच्या मंदावण्याने अन्य कोणाच्या वाट्याला सोपी किंवा अवघड वाट येत नाही, तर साखळीतील मुद्दाम पत्करलेली हार तिसऱ्याच खेळाडूचे भवितव्य ठरवते. त्याच स्पर्धेत वर्ध्यात जन्मलेली ज्वाला गुट्टा आणि तिची जोडीदार अश्विनी पोनप्पा तीनपैकी दोन सामने जिंकूनही गुणफरकावर बाहेर पडल्या. त्यांच्या गटातील जपान विरुद्ध चायनीज तैपेई हा सामना प्रामाणिकपणे खेळला गेला नाही, असा भारताने घेतलेला आक्षेप फेटाळला गेला.

महासंघाने पुढे नियम बदलला, आणि गटात दुसऱ्या आलेल्यांची पुढची गाठ चिठ्ठ्या टाकून ठरू लागली. हार पत्करून सोपा प्रतिस्पर्धी निवडण्याची सोय त्यामुळे राहिली नाही. अशी तजवीज आधीच करता आली असती, हेही खरे. १९८२ च्या विश्वचषकात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांनी दोघांच्याही सोयीचा १–० हा निकाल जपत अल्जीरियाला बाहेर घालवल्यानंतर फुटबॉलने गटातील शेवटचे सामने एकाच वेळी खेळवण्याचा धडा घेतला होता.

तरीही फुटबॉलचा कारभार स्वच्छ म्हणता येत नाही. लंडन ऑलिंपिकमध्येच, त्याच ३१ जुलैला, जपानच्या महिला संघाने दक्षिण आफ्रिकेशी गोलशून्य बरोबरी साधली, आणि ग्लासगोचा प्रवास टाळून कार्डिफमध्येच राहता यावे म्हणून विजयी गोल न करण्यास खेळाडूंना सांगितल्याचे प्रशिक्षक नोरिओ सासाकी यांनी स्वतःच मान्य केले. फिफाने कोणतीही कारवाई केली नाही आणि जपानने त्या स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. बॅडमिंटनमधील आठ जणींना झालेली शिक्षा योग्यच होती. जपानी फुटबॉल संघाला ती न होणे अयोग्य होते.