आवाज मोठा नको, साफ हवा

नरसी हे संत नामदेवांचे गाव. आपल्या हिंगोली जिल्ह्यात कीर्तनाची गोडी फार. पण कर्णा गावभर ओरडतो आणि मंडपात मागे बसलेल्या म्हाताऱ्यांना अभंगाचा शब्द कळत नाही. असे का होते?

आवाज म्हणजे हवेची थरथर. पखवाजावर थाप मारा आणि कातड्याला बोट लावा. थरथर कळेल. लाऊडस्पीकरमध्ये कातड्याऐवजी कागदाचा पडदा असतो. त्याला मागे तारेचे वेटोळे चिकटवलेले असते. जवळ लोहचुंबक असते. तारेतून वीज आली की वेटोळे मागेपुढे हलते. पडदाही हलतो आणि हवा ढकलतो. अमेरिकेतील राइस आणि केलॉग या दोघांनी १९२५ साली असा स्पीकर जगापुढे मांडला.

मग पेटी कशाला? पडदा पुढे आला की पुढची हवा दाबली जाते, मागची विरळ होते. पेटी नसेल तर पुढची हवा कडेने मागे पळते. जड आवाज तिथेच मरतो. पेटी तिला अडवते. म्हणून पेटी जाड लाकडाची आणि घट्ट सांध्यांची हवी. पेटीच खडखडली तर शब्द बिघडतो. आत कापूस किंवा लोकर भरतात. आत घुमणारा आवाज त्यात जिरतो.

पखवाजाला डावीकडे कणीक लावतात. तिकडून जड आवाज निघतो. उजवीकडे शाई असते. तिकडून चढा आवाज निघतो. चांगल्या पेटीतही तसेच असते. मोठा पडदा जड आवाजासाठी, लहान पडदा बारीक आवाजासाठी. 'स', 'श' ही अक्षरे बारीक आवाजामुळेच ओळखू येतात.

कर्ण्याचे काम निराळे. हाक मारताना आपण तोंडाभोवती हात धरतो ना? कर्णा तेच करतो. थोड्या विजेत आवाज लांब नेतो. दवंडीला तो ठीक. पण त्यातून जड आवाज निघत नाही. बोलणे किरकिरे होते.

आता ध्यानात ठेवा. पेटी डोक्यांच्या वर ठेवा. तिचे तोंड लोकांकडे करा, भिंतीकडे नको. भिंतीवरून आवाज उलटतो आणि शब्दावर शब्द चढतो. माईक पेटीसमोर धरू नका, शिट्टी वाजते. ऐकू येत नाही म्हणून बटण पिळत बसू नका. ताकदीबाहेर आवाज फाटतो. शिवाय फार मोठ्या आवाजाने कानाच्या आतल्या नाजूक पेशी मरतात. त्या पुन्हा उगवत नाहीत. लेकरांना पेटीजवळ बसवू नका, बरं का!

पेटी भाड्याने घेताना गाणे लावून पारख करू नका. एकाला साधे बोलायला लावा. तुम्ही मंडपाच्या शेवटच्या टोकाला उभे राहा. प्रत्येक शब्द कळला, तर पेटी चांगली समजा.