सजवलेला ई-मेल की साधं पत्र?

मोहर धरला की कोकणातल्या बागायतदाराला दोन चिंता लागतात. एक तुडतुड्यांची, दुसरी गिऱ्हाइकाची. पेटी दलालाकडे न टाकता पुण्या-मुंबईच्या घरी थेट पोचवायची, तर भाव आणि दिवस वेळेवर कळवायला हवा. घरगुती गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅप पुरते. पण कंपन्यांची कार्यालये आणि परदेशातली आपली मंडळी अजूनही पुष्कळदा ई-मेलवरच मागणी नोंदवतात. मग प्रश्न पडतो, मेल रंगीत, फोटो-चौकटींचा करायचा की नुसत्या अक्षरांचा?

एका बागायतदाराची हकिकत ऐका. त्यांनी तालुक्याच्या गावी पैसे मोजून झकास चित्र करून घेतले. हिरवी पाने, पिवळाधमक हापूस, आणि भाव, तारीख, फोन नंबर सगळे त्या चित्राच्या आत. मेल गेला. दोन दिवस एक फोन नाही! तिसऱ्या दिवशी एका जुन्या गिऱ्हाइकाचे उत्तर आले, "तुमचा मेल कोरा आला, काही लिहायचं राहिलं का?" तोवर अढीतला माल पिकायला लागला होता. मिळेल त्या भावाने द्यावा लागला.

असे का झाले? सजवलेल्या मेलातले चित्र बहुधा मेलाबरोबर येतच नाही. ते दुसऱ्या संगणकावर ठेवलेले असते आणि मेल उघडल्यावर तिथून आणले जाते. जीमेल २०१३ पासून अशी चित्रे आपणहून दाखवते. पण कार्यालयांत चालणारे आउटलुक ती सहसा अडवून धरते, कारण चित्र आणले की मेल कोणी, केव्हा उघडला ते पाठवणाऱ्याला कळते. वाचणाऱ्याने परवानगी दिली तरच चित्र दिसणार. कामाच्या गर्दीत कोण देतो परवानगी?

साध्या मजकुराला ही अडचण नाही. जुन्या फोनवर, रेंज नसलेल्या जागीही तो चटकन उघडतो. शिवाय तो पत्रासारखा वाटतो, आणि पत्राला माणूस उत्तर देतो. "नमस्कार. यंदाची पहिली काढणी १० एप्रिलला आहे. पाच डझनांची पेटी, भाव अमुक, पुण्यात १४ तारखेला पोच. हवी असल्यास याच मेलला उत्तर द्या." बस्स, एवढे पुरे. तुमचे गिऱ्हाईक तीन-चारशे घरांचे आणि ओळखीचे असेल, तर आमचे मत सरळ आहे: साधेच लिहा. जाहिरातीचा थाट आणला की ओळखीचा माणूसही तुम्हाला दुकानदार समजतो.

चित्राला जागा नाही असे नव्हे. नव्या गिऱ्हाइकाला फळ, पेटीची बांधणी, भौगोलिक मानांकनाची खूण दाखवायची तर फोटो हवाच. आकारानुसार भाव असतील तर तक्ताही बरा दिसतो. त्यासाठी १९९२ पासून एक सोय आहे: एकाच मेलात सजवलेली आणि साधी अशा दोन्ही प्रती जातात, वाचणाऱ्याचे यंत्र आपल्याला जमेल ती दाखवते. मेल पाठवून देणाऱ्या बहुतेक सेवांत साध्या प्रतीचा रकाना असतो. तो यंत्रावर सोडू नका, स्वतः भरा. आणि काहीही झाले तरी भाव, तारीख, फोन ही तिन्ही अक्षरांतच लिहा.

मराठीत आणखी एक भानगड आहे, ती ग्रामपंचायतीतल्या मंडळींनीही ऐकावी. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर मेलात चिकटवला, की ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला अगम्य चिन्हे दिसतात. म्हणून पुष्कळजण कागदाचा फोटोच काढून धाडतात. ग्रामसभेची नोटीससुद्धा अशीच फिरते! मग त्यात शब्द शोधता येत नाही, आणि चष्मा विसरलेल्या आजोबांना अक्षर मोठे करून पाहावे तर ते फुटते. युनिकोडमध्ये टाइप केले तर हा त्रास नाही. एसएमएसला मात्र हिशेब वेगळा: इंग्रजीत एका संदेशात १६० अक्षरे बसतात, देवनागरीत ७०, त्यातही काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात.

किती जणांनी मेल उघडला हे साध्या मेलात मोजता येत नाही, अशी तक्रार जाहिरातवाले करतात. पण २०२१ पासून अ‍ॅपलच्या मेलात माणसाने न उघडताही चित्रे आणली जाऊ शकतात, तेव्हा तो आकडा तसाही कच्चाच. तुम्ही पेट्या मोजा की!

यंदा मेल सगळ्यांना धाडण्याआधी एक स्वतःलाच पाठवून बघा. जीमेलच्या सेटिंगमध्ये बाहेरची चित्रे विचारल्याशिवाय दाखवू नये अशी सोय आहे, ती चालू करा आणि घरातल्या सर्वांत जुन्या फोनवर तो मेल उघडा. भाव दिसला नाही, तर पुन्हा लिहायला बसा.