पहाटे साडेतीनची भीती

माझी आई शेवटच्या काही वर्षांत पहाटे साडेतीनच्या सुमारास उठून दाराची कडी तपासायची. छातीत धडधड, तळहातांना घाम आणि काहीतरी वाईट होणार याची खात्री. आम्ही म्हणायचो, वय झालं, आता काळजी करतेच. रात्री दहाला ती झोपेची अर्धी गोळी घ्यायची. पुढे अर्धीची एक झाली. गोळीवर संशय घ्यावा असं कुणाला सुचलं नाही, कारण गोळीनं झोप तर लागत होती! ती गेल्यानंतर मी या विषयावर हाती लागेल ते वाचत गेलो. शांत करणारं औषधच रात्रीची भीती वाढवू शकतं का, एवढाच माझा प्रश्न होता. उत्तर होकारार्थी निघालं, आणि ते काही नवं नव्हतं.

थोडं मागे जायला हवं. १९६० साली लिब्रियम आणि १९६३ साली व्हॅलियम बाजारात आलं. लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाच्या कामातून निघालेली ही बेन्झोडायझेपीन गटातली औषधं. त्याआधीच्या बार्बिच्युरेट गोळ्या जरा जास्त झाल्या तर जीव जाई. त्या मानानं ही औषधं फार सुरक्षित. तक्रार एकच होती. व्हॅलियमचा अंश शरीरात काही दिवस रेंगाळे, त्यामुळे दुसऱ्या दिवशी डोकं जड राही. म्हणून रात्रीत काम उरकून सकाळपर्यंत निघून जाणारी औषधं तयार झाली. ट्रायाझोलाम (हॅल्सियन) हे त्यातलं गाजलेलं नाव. सकाळचं जडपण गेलं, पण दुखणं पहाटेवर ढकललं गेलं.

याचं कारण मेंदूच्या कारभारात आहे. मेंदूत गाबा नावाचं रसायन ब्रेकचं काम करतं आणि ग्लुटामेट ॲक्सिलरेटरचं. या गोळ्या गाबाचा जोर वाढवतात, म्हणजे ब्रेक अधिक दाबतात. मेंदू मात्र स्वस्थ बसत नाही. रोज बाहेरून ब्रेक लागतो आहे हे ‘लक्षात’ आल्यावर तो स्वतःचा ब्रेक सैल करतो आणि ॲक्सिलरेटर वाढवतो. गोळीचा अंमल आहे तोवर तोल सांभाळला जातो. अंमल उतरला की सैल ब्रेक आणि वाढलेला ॲक्सिलरेटर एवढंच उरतं. त्यात रात्रीच्या उत्तरार्धात शरीरातलं कॉर्टिसॉल निसर्गतःच चढू लागतं. उतरतं औषध आणि चढतं कॉर्टिसॉल यांची गाठ पहाटे पडते. दारू याच यंत्रणेवर काम करते. दोन पेग घेऊन झोपणाऱ्याला पहाटे टक्क जाग का येते, याचं एक कारण इथंच आहे.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातले निद्रासंशोधक अँथनी केल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक निरीक्षण मांडलं. लवकर उतरणाऱ्या गोळ्या बंद केल्यावर झोप पूर्वीपेक्षाही बिघडते. १९८३ साली ते एक पाऊल पुढे गेले. गोळी चालू असतानाच, एक-दोन आठवड्यांत, रात्रीच्या शेवटच्या तासांतली जाग वाढते आणि दिवसाचा ताण व चिंताही वाढते, असं त्यांना आढळलं. म्हणजे गोळी सोडावीही लागत नाही. दोन गोळ्यांच्या मधल्या काळात रोज थोडी थोडी ‘सुटका’ होतच असते. ट्रायाझोलामवर ब्रिटननं १९९१ साली बंदी घातली.

आपल्याकडे घरोघरी ‘झोपेची’ म्हणून घेतली जाणारी गोळी बहुधा अल्प्राझोलाम असते. आईचीही तीच होती. अमेरिकेत हे औषध झॅनॅक्स नावानं विकलं जातं. पहाटेची चिंता आणि दोन मात्रांच्या मधे उफाळणारी चिंता, दोन्हींची नोंद त्याच्या अधिकृत माहितीपत्रकातच आहे. आपल्याकडे ते ‘एच-वन’ परिशिष्टात येतं. चिठ्ठीशिवाय देऊ नये, विक्रीची नोंद वेगळ्या वहीत ठेवावी, असा नियम आहे. पण चिठ्ठी जुनी, दुकानदार ओळखीचा आणि गोळी वर्षानुवर्षांची, हे चित्र कुणाला अपरिचित आहे?

आणखी दोन वाटा थोडक्यात. सर्दी-खाजेच्या गुंगी आणणाऱ्या जुन्या गोळ्यांनी काहींचे पाय रात्री अधिकच वळवळतात आणि म्हाताऱ्या माणसांना भ्रम होऊ शकतो. उलटीवरच्या मेटोक्लोप्रामाइडनं आणि मानसिक आजारांवरच्या काही औषधांनी ‘अकॅथिसिया’ होतो, म्हणजे एका जागी बसवत नाही, आतून कुणी ढकलतं आहे असं वाटतं. बघणाऱ्याला ही घबराटच वाटते.

खरा घात होतो तो अर्थ लावण्यात. पहाटेची भीती औषधाच्या ओहोटीची असते. माणूस ती आपल्या स्वभावाची किंवा आजाराची समजतो. मग मात्रा वाढते, काही दिवस बरं वाटतं, मेंदू पुन्हा जुळवून घेतो. आमच्या घरी अर्धीची एक झाली ती अशीच असावी. तिची प्रत्येक पहाट गोळीमुळेच बिघडली, असं मी म्हणणार नाही. आम्ही तो प्रश्न विचारला नाही, एवढं मात्र खरं.

हे वाचून कुणी आज रात्रीपासून गोळी बंद करू नये. बरेच दिवस घेतलेली गोळी एकदम थांबवली तर झटके येऊ शकतात, जीवावरही बेतू शकतं. न्यूकॅसलमध्ये १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षं या गोळ्या सोडवण्याचं केंद्र चालवणाऱ्या हेदर ॲश्टन यांचा सांगावा सोपा होता: हळूहळू, रुग्णाला झेपेल त्या गतीनं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. दीर्घकालीन निद्रानाशावर गोळीआधी वर्तनोपचार करावा, अशी शिफारस अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनं २०१६ साली केली आहे.

घरच्यांना करता येण्याजोगं एक काम आहे. आठवडाभर कॅलेंडरवर दोन वेळा लिहून ठेवाव्यात, गोळी किती वाजता घेतली आणि जाग किती वाजता आली. दोन्हींमधलं अंतर रोज साधारण तेवढंच भरत असेल, तर तो कागद डॉक्टरांपुढे ठेवावा. आमच्या स्वयंपाकघरात कॅलेंडर होतं. त्यावर दुधाचा हिशेब होता.