भिंतीविना चौकट

चित्रकलेतले मला फारसे कळते असे नाही. तरीही विस्थापन या विषयावर चार तरुण कलावंतांनी मिळून भरवलेले एक छोटेखानी प्रदर्शन पाहायला मी गेले, आणि मुद्दाम आजीला बरोबर नेले. भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. आमचे जुने घर त्याच्या पाण्यात गेले आहे.

दाराशीच एक मोठे तैलचित्र होते. डोक्यावर बोचकी घेतलेल्या, डोळ्यांना पदर लावलेल्या बायका आणि मागे मावळता सूर्य. रंग सुरेख होते. पण आजी थांबली नाही. “रडायला सवड कुणाला होती? वासे उतरवून घ्यायचे होते,” एवढेच म्हणाली. पुढे पळसदेवच्या जुन्या देवळाची छायाचित्रे होती. जलाशयाची पातळी फार खाली गेली की हे देऊळ उघडे पडते आणि लोक सहलीला जावे तसे ते पाहायला जातात. छायाचित्रेही मला तशीच, सहलीची वाटली.

खरे थांबलो ते तिसऱ्या कृतीपाशी. दालनाच्या मधोमध एक जुनी लाकडी चौकट उभी होती. भिंत नाही, दार नाही. अशा कृतीला मांडणशिल्प म्हणतात. चित्र आपण समोर उभे राहून पाहतो. मांडणशिल्पात आपल्याला वावरावे लागते, आणि आपण कसे वावरतो त्यावरही त्याचा अर्थ ठरतो. ही व्याख्या मी वर्गात लिहून घेतली होती, कळली मात्र तिथे. मी आणि इतर सगळे चौकटीला वळसा घालून पलीकडे गेलो. आजीने चपला काढल्या, पदर सावरला आणि उंबरठ्यावर पाय न देता तो ओलांडून ती आत गेली.

अलीगढला जन्मलेल्या झरीना हाश्मी यांचे कुटुंब पुढे पाकिस्तानात गेले. त्यांनी १९९९ मध्ये घराविषयी ३६ काष्ठठशांची मालिका केली. प्रत्येक ठशाला एकेक उर्दू शब्द. माणसाचा चेहरा कुठेच नाही. घर गेल्याचे सांगायला रडके चेहरे लागतातच असे नाही, हे या चौकटीच्या कलावंतालाही उमगले असावे.

आजीने त्याला विचारले, “बाळा, ही चौकट कुणाच्या घरची?”

जुन्या बाजारातून आणली, असे तो म्हणाला. शेजारच्या चिठ्ठीवर ‘लाकूड, लोखंड’ इतकेच लिहिलेले होते.

“नाव विचारून घ्यायचं होतंस रे.”

मला आजीचे म्हणणे पटते. आपलेपणाविषयीच्या कृतीत घरवालाच निनावी राहावा, ही उणीव लहान नव्हे. तो कलावंतही गप्प झाला. मग त्याने आजीला खुर्ची आणून दिली आणि आमच्या गावाचे नाव विचारले. आजी सांगत बसली. चौथी कृती पाहायची आमची राहूनच गेली.