घरच्या बोलीला तिकीट लावणारे ‘तात्या सरपंच’

मैत्रिणींनो, आपल्या घरात दोन भाषा असतात, हे कधी लक्षात आलंय का? एक चुलीपाशी बोलायची आणि दुसरी पाहुण्यांसमोर. जाऊबाईंशी, शेजारणीशी, गोठ्यातल्या गाईशी आपण जे बोलतो, ते शाळेतल्या बाई दारात आल्या की एकदम बदलतं. मुलीला बघायला मुंबईहून पाहुणे येणार असले की घरातल्या म्हातारीला कुणीतरी हळूच सांगतं, “आजी, आज जरा नीट बोल हं!” आता ती बिचारी सत्तर वर्षं जे बोलत आली, ते काय वाकडं होतं?

या ‘नीट बोल’ला एका माणसाने पोट धरून हसवत उत्तर दिलं. त्यांचं नाव मच्छिंद्र कांबळी. ‘वस्त्रहरण’मधले तात्या सरपंच म्हटलं की कोकणातल्या लहानथोरांच्या डोळ्यांसमोर तेच उभे राहतात. ४ एप्रिल १९४७ चा त्यांचा जन्म. मालवणजवळचं रेवंडी हे त्यांचं गाव. ३० सप्टेंबर २००७ रोजी, वयाच्या अवघ्या साठाव्या वर्षी ते गेले. जाऊन इतकी वर्षं झाली, तरी गणपतीत चार चाकरमानी ओटीवर बसले की त्यांचा एखादा संवाद कुणाच्या तरी तोंडून निघतोच.

त्यांनी काय केलं हे समजायला आधीची परिस्थिती आठवायला हवी. पूर्वीच्या नाटक-सिनेमांत मालवणी ऐकू यायची, नाही असं नाही. पण ती कुणाच्या तोंडी? बहुतेक वेळा घरातल्या रामा गड्याच्या! नायक-नायिका शुद्ध बोलणार आणि खांद्यावर फडकं टाकलेला रामा मधूनच येऊन कोकणी हेल काढून जाणार. प्रेक्षक हसायचे, पण ते त्याच्या बोलण्याला हसायचे. मुंबईच्या गिरणीत नाहीतर कुणाच्या घरी राबणाऱ्या आपल्या माणसाला ते पाहताना काय वाटत असेल, याचा विचार कोण करणार?

मग १९८० मध्ये ‘वस्त्रहरण’ आलं. लिहिलं होतं गंगाराम गवाणकर यांनी. ते आपल्या शेजारच्याच राजापूर तालुक्यातल्या माडबनचे! लहान वयात मुंबईला जाऊन, अतिशय हलाखीत दिवस काढून शिकलेला हा माणूस. पुढे २०१६ साली ठाण्याच्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२५ मध्ये तेही आपल्याला सोडून गेले. या नाटकाचं पहिलं रूप होतं ‘आज काय नाटक होवचा नाय’. नावातच सगळी गंमत आहे. गावातली मंडळी हौसेने महाभारतातलं नाटक बसवायला घेतात आणि एकेक विघ्न येत जातं. कुणाला संवाद आठवत नाही, कुणाचा मानापमान, आणि या सगळ्यावर देखरेख करणारे तात्या सरपंच! आपल्याकडे देवळासमोर मांडव घालून नाटक बसतं तेव्हा काय काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

इथे रामा गडी कुणीच नव्हता, कारण सगळेच मालवणी बोलत होते. सरपंचही तेच बोलणार आणि धर्मराजाच्या तोंडीही तेच येणार. बोली एकदा मालकाच्या जागी बसली आणि हसण्याचा अर्थच बदलला. लोक आता भाषेला हसत नव्हते. माणसाच्या बढाईला, त्याच्या फजितीला हसत होते. ती फजिती तर आपल्या सगळ्यांचीच असते.

सुरुवातीला मात्र नाटक चाललं नाही. मालवणीतलं अख्खं नाटक तिकीट काढून कोण बघणार, अशी शंका होतीच. मग पु. ल. देशपांडे यांनी ते पाहिलं, मनापासून कौतुक केलं आणि प्रेक्षकांची पावलं वळली. पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले. नाटक थेट लंडनपर्यंत गेलं. ज्यांना मालवणीचा एक शब्द येत नव्हता अशी माणसंही हसून हसून बेजार झाली.

चार्ली चॅप्लिनचे मूकपट जगभर पोचले, कारण त्यांना भाषेची गरजच नव्हती. मच्छिंद्र कांबळींचं उलट. त्यांच्या हातात दक्षिण कोकणापलीकडे फारशी न बोलली जाणारी भाषा होती, तरी ते समुद्रापार पोचले. कारण तात्यांचं ते ऐटीत उभं राहणं, दुसऱ्याचं बोलणं मधेच तोडणं, चुकल्यावर आपलंच बरोबर म्हणून दामटणं. असा सरपंच कुठल्या गावात नसतो?

काही जणी म्हणतील, “अहो, पण त्यात शिव्या फार! सासऱ्यांच्या शेजारी बसून कसं बघायचं?” प्रश्न खरा आहे. काही विनोद चावट आहेत आणि ते प्रत्येकीला रुचतीलच असं नाही. पण ‘मेल्या’ म्हटल्याशिवाय जिथे माया व्यक्त होत नाही, तिथल्या बोलीतून शिवी काढली तर मिठाशिवाय आमटी होईल. आपली आजी नातवाला ‘मेल्या, जेवलास का?’ विचारते तेव्हा त्यात राग असतो का?

यशावर स्वस्थ बसून राहणं त्यांना जमलं नाही. १९८२ मध्ये त्यांनी स्वतःची ‘भद्रकाली’ ही नाट्यसंस्था काढली आणि ‘चाकरमानी’ हे नाटक आणलं. मग ‘पांडगो इलो रे बा इलो’, ‘घास रे रामा’, ‘वय वर्षं पंचावन्न’, ‘माझा पती छत्रीपती’, ‘येवा कोकण आपलाच असा’ अशी नाटकं येत राहिली. यातलं शेवटचं नाव तर आज कोकणात येणाऱ्या पर्यटकांच्या स्वागताला लोक सर्रास वापरतात. हौशी मांडवातली भाषा त्यांनी धंद्याला लावली आणि कलाकार, पडद्यामागचे कामगार अशा कितीतरी घरांची चूल त्यावर पेटली. हेही काम कमी मोलाचं नाही.

ते गेल्यावर हे सगळं थांबेल असं वाटलं होतं. पण त्यांच्या पत्नी कविता आणि मुलगा प्रसाद यांनी संस्था पुढे नेली. नाटकाच्या जाहिरातीत ‘कविता मच्छिंद्र कांबळी’ हे निर्मातीचं नाव वाचलं की मला फार बरं वाटतं. त्याच भद्रकालीने २०१७ मध्ये ‘संगीत देवबाभळी’ आणलं. लेखक-दिग्दर्शक प्राजक्त देशमुख. रंगमंचावर दोनच बायका, तुकोबांची आवली आणि विठ्ठलाची रखुमाई. एकीचा नवरा देवात हरवलेला आणि दुसरीचा नवरा भक्तांत. तिथेही आवली बोलते ती चुलीपाशी बोलावी तशीच रोखठोक.

हे सगळं मी का सांगते आहे? आमच्या बचत गटात एक मैत्रीण आहे. काजूगर, आमसुलं, फणसाचे गरे, कशाचाही भाव आणि हिशेब तिला तोंडपाठ. पण मेळाव्यात बोलायला उभं केलं की गप्प. कारण विचारलं तर म्हणाली, “माझी भाषा गावठी. लोक हसतील.” आम्ही म्हटलं, तू घरी बोलतेस तसंच बोल. एकदाची उभी राहिली. लोक हसले हो, खूप हसले! पण तिने सांगितलेल्या गमतीला हसले आणि माल विकत घेऊनच गेले. आता मेळावा म्हटला की तीच पुढे असते.

लांज्याची बोली म्हणजे मालवणी नव्हे. फार तर चुलत बहीण म्हणा. आपल्याकडे नमन आहे, जाखडी आहे, त्यातली मावशी आणि गौळणी आहेत, त्यांचा स्वतःचा बाज आहे. पण आपली मुलं आता इंग्रजी शाळेत जातात आणि घरी आल्यावरही आपण त्यांच्याशी पुस्तकी बोलतो. शाळेची भाषा त्यांना यायलाच हवी, त्याशिवाय नोकरी नाही. मात्र ती शिकवताना आजीची भाषा हलकी आहे, हे नकळत शिकवलं जातं. तेवढं टाळायला हवं.

तेव्हा या मे महिन्यात मुंबईची नातवंडं आली की एक करा. रात्री अंगणात सगळ्यांना बसवा आणि आजीला तिच्या लहानपणच्या गजाली सांगायला लावा, तिच्याच बोलीत. शब्द अडला तर मुलं विचारतील. मोबाइल सगळ्यांच्या हातात आहेच, तिचा आवाज त्यात भरून ठेवा. आणि रत्नागिरीला सावरकर नाट्यगृहात एखादं मालवणी नाटक लागलं, तर चार जणींनी मिळून गाडी करून जा. जेवण आधी करून ठेवा, म्हणजे घरचे कुरकुरणार नाहीत!