अर्ध्या सेकंदाचा हिशेब

"डॉक्टरसाहेब, झोप कमी झाली तरी मला काही होत नाही," असे ट्रकचालक आणि रात्रपाळीचे कामगार मला नेहमी सांगतात. ते खोटे बोलत नाहीत; पण लक्ष केव्हा सुटले, हे ज्याचे सुटते त्यालाच कळत नाही. म्हणून शास्त्रज्ञ नुसते विचारत नाहीत, मोजतात.

अमेरिकेत डिंजेस व पॉवेल यांनी 1985 मध्ये मांडलेली चाचणी अगदी साधी आहे. समोर आकडे धावू लागले की बटण दाबायचे. ते 2 ते 10 सेकंदांत केव्हा धावू लागतील, याचा नेम नाही. असे सलग 10 मिनिटे. ताजातवाना माणूस साधारण पाव सेकंदात बटण दाबतो. अर्धा सेकंद वा अधिक लागला, की लक्ष सुटल्याची नोंद होते. काही बहाद्दर अंदाजानेच बटण दाबतात! त्यांची नोंद वेगळी ठेवतात. यंत्रही नेमके लागते; साध्या संगणकाचा कळफलक आणि पडदा थोडा वेळ स्वतःच खातात.

याच चाचणीने 2003 मध्ये एक गोष्ट उघड केली. दोन आठवडे रोज 6 तासच झोपू दिलेल्यांचे लक्ष रात्रभर जागलेल्यांइतके सुटत होते. त्यांना स्वतःला मात्र थोडीशीच पेंग जाणवत होती.

ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी अर्ध्या सेकंदात सुमारे 8 मीटर जाते. तेव्हा वाचकहो, रात्रीच्या प्रवासाआधी चालकाला "झोप येते का?" असे विचारू नका. "या आठवड्यात रोज किती तास झोपलात?" असे विचारा.