सांबारवडीची बारव

‘‘बाई, ही बारव कुठली? आमच्या जालन्याकडची तर नाही?’’ शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर हा प्रश्न आला, तेव्हा बाई बुचकळ्यात पडल्या. त्यांनी पाठवली होती एका पदार्थाची लिंक. पायऱ्यांच्या विहिरीचा त्यात काही संबंध नव्हता.

या बाई नागपूरच्या, निवृत्त शिक्षिका. वैदर्भी पदार्थांचे व्हिडिओ करतात आणि त्यांची एक वेबसाइट चालवतात. पाककृती त्यांची, आवाज त्यांचा, तांत्रिक उठाठेव माझी. माझा मूळ छंद जुन्या नियतकालिकांची मुखपृष्ठे जमवण्याचा. संगणकाचे जे काही येते ते ठेचा खात शिकलेले. सांबारवडीच्या पानासाठी मी एक चित्र केले होते. पिवळ्या पार्श्वभूमीवर या कडेपासून त्या कडेपर्यंत ठसठशीत अक्षरांत ‘सांबारवडी’. लिंक ग्रुपवर गेली आणि तिथे तेच चित्र दोन्ही बाजूंनी छाटून चौकोनी झाले. डावीकडचा ‘सां’ गेला, उजवीकडची ‘डी’ गेली. उरली ‘बारव’.

चूक माझीच होती. ती समजण्यासाठी लिंकसोबत दिसणारे हे चित्र येते कुठून, ते पाहायला हवे.

वेबपानाच्या माथ्यावर वाचकाला न दिसणाऱ्या काही ओळी असतात. पानाचे शीर्षक काय, थोडक्यात मजकूर काय, सोबत कोणते चित्र दाखवायचे, हे त्या यंत्राला सांगतात. फेसबुकने एप्रिल २०१० मध्ये ‘ओपन ग्राफ’ या नावाने त्यांची पद्धत घालून दिली. २०१२ मध्ये ट्विटरने आपली वेगळी ‘कार्डे’ आणली. या ओळी नसतील तर यंत्र अंदाज बांधते आणि पानावरचे हाती लागेल ते चित्र उचलते. मग आजीच्या आठवणींवरच्या लेखासोबत एखाद्या जाहिरातीचा तुकडाही झळकू शकतो.

या चित्राचे रूढ माप १२०० बाय ६३० पिक्सेल, म्हणजे उंचीच्या जवळजवळ दुप्पट रुंदी. पण ते सगळीकडे तसेच दिसत नाही. कुठे पूर्ण आडवे, तर कुठे मजकुराशेजारी छोटासा चौकोन. चौकोन करताना बहुधा मधला भाग ठेवतात. म्हणजे ६३० पिक्सेल उरतात आणि दोन्ही बाजूंचे २८५-२८५ जातात. माझा शब्द सुमारे हजार पिक्सेल पसरला होता. पाच अक्षरे, प्रत्येकी साधारण दोनशे. मधली तीन वाचली. तिन्हींचा मिळून मराठीत धड अर्थ निघावा, हा माझ्या नशिबाचा भाग.

यावर सोपा उपाय म्हणजे अक्षरे काढून नुसता फोटो लावणे. पण इथे पेच आहे. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. हिवाळ्यात सांबार स्वस्त झाला की खसखस, सुके खोबरे घालून त्याचे सारण करायचे, पारीत गुंडाळायचे, तळायचे आणि कढीबरोबर खायचे. पुण्या-मुंबईचा माणूस नुसता शब्द वाचून इडलीबरोबरच्या सांबाराची कल्पना करतो. नुसता फोटो पाहिला तर अंगठ्याएवढ्या चौकोनात ती वडी कुठल्याही तळलेल्या गुंडाळीसारखी दिसते. शब्द आणि चित्र एकत्र असले तरच कळते की विदर्भात या शब्दाचा अर्थ हा. ऑक्टोबर २०२३ मध्ये एक्सने (म्हणजे पूर्वीच्या ट्विटरने) लिंकखालची शीर्षकेच काढून टाकली. पुढे ती लहान अक्षरांत परत आली, पण मधल्या काळात ज्यांच्या चित्रात शब्द नव्हते ती पाने मुकी झाली.

शेवटी मी वडी मधोमध कापून आतला हिरवा सांबार दिसेल असा फोटो घेतला. नाव ‘सांबार’ आणि ‘वडी’ असे दोन ओळींत तोडले आणि सगळे मधल्या ६३० पिक्सेलांत बसवले. इंग्रजीच्या हिशेबाने ठेवलेले ओळींमधले अंतर मराठीला पुरत नाही. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या अनुस्वारावर बसतो. अंतर वाढवले की अक्षर लहान करावे लागते, आणि ते फार लहान झाले तर फोनवर वाचता येत नाही. ही ओढाताण कमल शेडगे यांनी वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींत आयुष्यभर निभावली. एवढ्याशा जागेत नाटकाचे नाव असे काढायचे की नाटक रहस्याचे की विनोदी, ते अक्षरावरून कळावे. माझ्यासारख्याला ते जमणारे नाही. मी ‘मुक्ता’ हा मोफत मिळणारा फाँट वापरतो.

पाने पाऊणशेवर गेली, तेव्हा चित्रे आपोआप तयार करणारा छोटा प्रोग्राम लिहिला. त्याने ‘पिठलं’चे ‘पठिलं’ केले आणि ‘रस्सा’मधले जोडाक्षर फोडून सच्या पायाला हलंत लावला. कारण साधे आहे. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवलेली असते, पण दिसायला हवी आधी. ही अदलाबदल आणि जोडाक्षरांची जुळणी ‘हार्फबझ’सारखे अक्षरजुळणी करणारे सॉफ्टवेअर करते. ब्राउझरमध्ये ते असतेच, त्यामुळे वेबपानावर मराठी शुद्ध दिसते. चित्र तयार करणाऱ्या प्रोग्रामला ते जोडलेले नसेल, तर तो क्रमाने एकेक चिन्ह मांडत जातो. आणि यात काही बिघडले, अशी सूचना यंत्र कधीच देत नाही. खिळे जुळवणाऱ्याने असा फर्मा पुढे जाऊ दिला नसता. मी आता प्रत्येक चित्र फोनवर उघडून मोठ्याने वाचतो.

‘‘डोळे विस्फारलेला चेहरा टाका, बाजूला लाल बाण, लोक लगेच दाबतात,’’ असा सल्ला एका तरुण स्नेह्याने दिला होता. बाई म्हणाल्या, ‘‘सांबारवडी करताना मी काय भूत पाहिलं का रे?’’ फसवणे मराठी वाचकाला नवे नाही. ‘आवाज’च्या दिवाळी अंकातली खिडकीचित्रे तेच तर करत. कापलेल्या चौकटीतून चावट काहीतरी दिसे आणि पान उलटले की निरागस दृश्य निघे. पण त्या फसवणुकीत वाचक सामील असे आणि हसणाराही तोच असे. लाल बाणात त्याला कोणी सामील करून घेत नाही.

एक गोष्ट मात्र दुरुस्त करता आली नाही. फेसबुकला जुने चित्र टाकून नवे घे असे सांगायची सोय आहे. व्हॉट्सॲपसारख्या ॲपमध्ये चित्र पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होते आणि निरोपाबरोबरच जाते. गेलेला निरोप गेला. त्यामुळे त्या ग्रुपवर बारव अजून आहे. बाईंनी नवी लिंक पाठवून खुलासा केला, तेव्हा जालन्याच्या विद्यार्थ्याने लिहिले, ‘‘बाई, वडी करून बघतो. तोवर ही घ्या,’’ आणि त्याच्या गावाजवळच्या खऱ्या बारवेचा फोटो पाठवला. पायऱ्या शाबूत आहेत, तळाशी हिरवे पाणी आहे.